चाळिशीनंतर ज्युदो शिकायला सुरुवात करावी का? (ऐरोली, नवी मुंबई)

खाडीकाठ
१२ जून, रात्री १०.१५

नमस्कार. माझे वय ४३ असून मी ऐरोलीत राहते आणि महापे येथील एका कार्यालयात हिशेबाचे काम करते. माझी ११ वर्षांची मुलगी गेली दोन वर्षे घराजवळच्या एका सभागृहात कराटे शिकते. आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी साडेसहा ते साडेसात, मी त्या सभागृहाच्या भिंतीलगतच्या लाकडी बाकावर बसून असते. सुरुवातीला मी मोबाइल पाहत असे. मग हळूहळू मुलांकडे पाहू लागले, आणि आता अशी स्थिती आहे की मुलगी उजवा पाय मागे घ्यायला विसरली तर बाकाखाली माझाच पाय हलतो.

मुलांचा वर्ग सुटल्यावर त्याच सभागृहात निळ्या गाद्या अंथरल्या जातात आणि प्रौढांचा ज्युदोचा वर्ग भरतो. त्यात आठ-दहा जण येतात, त्यांपैकी तिघी स्त्रिया आहेत. गेल्या आठवड्यात तिथल्या सरांनी मला विचारले, "ताई, दोन वर्षे बाक झिजवलात, आता गादीवर कधी येता?" मी हसून वेळ मारून नेली, पण प्रश्न काही डोक्यातून जात नाही.

माझा डावा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो. शाळेतल्या लंगडीपलीकडे मी कोणताही खेळ खेळलेली नाही. शिवाय ज्या बाकावर इतर पालक बसतात त्याच्या समोरच आपण आपटायचे, याचा संकोच आहे तो वेगळाच. घरी विषय काढला तेव्हा यजमानांनी विरोध केला नाही, परंतु "कशासाठी?" एवढेच विचारले आणि मला धड उत्तर देता आले नाही. ज्यांनी या वयात सुरुवात केली, किंवा करून सोडून दिली, त्यांचे अनुभव वाचायला आवडतील. ज्युदोऐवजी कराटे किंवा बॉक्सिंग बरे, असे कुणाचे मत असल्यास तेही कारणासह सांगावे.

उपवनचा_फेरा
१२ जून, रात्री १०.४२

मी ५१व्या वर्षी कराटे सुरू केले. पिवळ्या पट्ट्याच्या परीक्षेत माझ्या शेजारी तिसरीतला एक मुलगा उभा होता. मी काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, मध्येच विसरलो तेव्हा त्याने ओठ न हलवता "आजोबा, डावीकडे" असे सांगितले आणि मी उत्तीर्ण झालो. त्या दिवशी दुखावला तो माझा केसांचा कलप. बाकी सर्व शाबूत आहे. जरूर सुरू करा.

शून्यप्रहर
१३ जून, सकाळी ७.०५

सर्वांचा उत्साह मोडण्याची माझी इच्छा नाही, तरी दुसरी बाजू मांडतो. 'स्वसंरक्षण' या नावाखाली चाळिशीच्या लोकांना जे विकले जाते त्यातील बराच भाग भ्रम आहे. आठवड्यातून तीन तास सराव करणारी व्यक्ती रात्री साडेदहाला रबाळे स्थानकाबाहेर दोन तरुणांनी अडवल्यास काय करू शकेल, याचा प्रामाणिक विचार करावा. पर्स सोडून द्यावी, गर्दीच्या आणि उजेडाच्या दिशेने पळावे आणि ११२ क्रमांकावर फोन करावा, हे कोणत्याही पट्ट्याशिवाय करता येते. अर्धवट शिक्षणाने माणूस जिथे पळायला हवे तिथे थांबतो, आणि माझ्या मते तोच खरा धोका आहे. व्यायामच हवा असेल तर पाम बीच रस्त्यालगत सकाळी चालावे. त्यात गुडघ्यावर कुणी पडत नाही.

खाडीकाठ
१३ जून, सकाळी ९.२०

शून्यप्रहर, आपला मुद्दा मान्य आहे. दोन तरुणांना लोळवण्याची माझी कल्पनाही नाही. चालायला मी जातेच, पण चालताना माझे डोके कार्यालयातच असते, जीएसटीचे विवरणपत्र भरतच मी चार किलोमीटर पूर्ण करते. त्या गादीवरच्या माणसांकडे पाहताना मात्र असे जाणवते की तो सव्वा तास त्यांना दुसरे काही सुचूच शकत नसावे.

पडका_खेळाडू
१३ जून, दुपारी १.३०

खाडीकाठताई, आपण ज्युदोचे नाव काढलेत म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी नौपाड्यात वाढलो, तरुणपणी आठ वर्षे ज्युदो खेळलो आणि वीस वर्षांच्या खंडानंतर ४४व्या वर्षी पुन्हा गादीवर उतरलो. दुसऱ्या खेपेला मीही नवशिकाच होतो, कारण डोक्याला सर्व आठवत होते आणि शरीराला काहीही आठवत नव्हते, ही स्थिती कोऱ्या पाटीपेक्षा वाईट असते.

जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योत ज्युदोची सुरुवात केली. त्याआधीच्या जुजुत्सू या जुन्या जपानी झुंजविद्येत असे कितीतरी डाव होते की ते पूर्ण ताकदीने केले तर जोडीदार कायमचा निकामी व्हायचा आणि हलक्या हाताने केले तर ते खरोखर येतात की नाही हेच कळायचे नाही. कानो यांनी असे डाव मोकळ्या झुंजीतून बाजूला काढले आणि उरलेले डाव रोज, जोर लावून, समोरच्याचा विरोध असताना करता येतील अशी व्यवस्था लावली. ही व्यवस्था एका गोष्टीवर उभी आहे, ती म्हणजे पडण्याचे शिक्षण. त्याला उकेमी म्हणतात. सर चांगले असतील तर पहिले कित्येक आठवडे आपण कुणालाही पाडणार नाही. आपण फक्त पडणार आहात, आधी गादीवर बसून, मग उकिडवे होऊन आणि नंतर उभे राहून.

मागे पडताना हनुवटी छातीला टेकवायची आणि नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर ठेवायची, म्हणजे डोक्याची मागची बाजू गादीला लागत नाही. पाठ गोल ठेवून लोळायचे, आणि पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही हात अंगापासून साधारण ३० ते ४५ अंशांवर, तळवे खाली करून, खांद्यापासून बोटांपर्यंत सपाट असे गादीवर आपटायचे. श्वास त्या वेळी बाहेर सोडायचा. ऐकायला हे सोपे आहे. अवघड आहे ते एवढेच की हात मागे टेकवून पडणे थांबवायचे नाही. जन्मभर आपण नेमके तेच करत आलेले असतो, आणि मनगटाची हाडे त्यातच मोडतात. ही सवय मोडायला मला दुसऱ्या खेपेला दोन महिने लागले.

आता तुलनेविषयी. कराटेत अंतर राखून मारायचे असते आणि बराच सराव एकट्याने करता येतो, त्यामुळे संकोची माणसाला ते सोयीचे जाते. बॉक्सिंग शिकायला सुंदर आहे आणि नुसत्या बॅगवर घाम गाळायला तर उत्तमच आहे. परंतु समोरासमोरच्या लढतीत डोके हेच लक्ष्य असते, आणि हेल्मेटने कातडी फाटणे कमी झाले तरी मेंदूला बसणारा हादरा थांबत नाही. पोट चालवण्यासाठी डोके वापरणाऱ्यांनी त्या लढतीपासून दूर राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्युदो निर्धोक आहे असेही मी म्हणणार नाही. गुडघा, खांदा आणि बोटे यांची किंमत त्यात मोजावी लागते. माझे कॉलरबोन मोडले ते कुणा निष्णात खेळाडूने फेकल्यामुळे नव्हे, तर माझ्यासारख्याच एका नवशिक्याने पाडले जाऊ नये म्हणून अंग ताठ केले आणि आम्ही दोघे एकमेकांवर कोसळलो त्यामुळे. काळ्या पट्ट्याच्या माणसाच्या हातून पडणे सर्वांत सुरक्षित असते, कारण तो आपली बाही शेवटपर्यंत सोडत नाही आणि आपल्याला अलगद खाली ठेवतो. पहिले सहा महिने जोडीदार म्हणून जुनीच माणसे मिळतील का, हे सरांना आधीच विचारून घ्यावे.

लाल_माती
१३ जून, रात्री ९.५५

वरचा प्रतिसाद वाचून राहवले नाही. मी मूळचा कराड तालुक्यातील असून वडिलांच्या माथाडी कामामुळे कोपरखैरणेत स्थायिक झालो. जपानी नावे ऐकून आपली मंडळी भारावतात, पण पडायचे कसे हे आमच्या गावच्या तालमीत नाव न देताच शिकवले जाई. हौद्यातली माती वस्ताद आम्हा पोरांकडून पहाटे खोऱ्याने उकरून घेत आणि तिच्यात तेल, ताक, हळद आणि लिंबाचा रस मिसळलेला असे. पहिला महिना फक्त जोर, बैठका आणि माती उकरणे एवढेच चाले. डाव शिकवा म्हणून हट्ट धरला की वस्ताद म्हणत, "आधी मातीशी ओळख होऊ दे." त्याच गोळेश्वरच्या मातीतले खाशाबा जाधव १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आहे. ज्युदो अवश्य शिका, पण कुस्तीचाही विचार व्हावा.

सानपाड्याची_सकाळ
१३ जून, रात्री १०.३०

लाल_माती, आपला अभिमान योग्य आहे आणि खाशाबांविषयी दुमत असण्याचे कारणच नाही. तथापि ४३ वर्षांच्या स्त्रीने ऐरोलीहून निघून नेमक्या कोणत्या हौद्यात उतरावे, हेही सांगावे. जुन्या तालमींच्या उंबऱ्याच्या आत स्त्रियांना पाऊल टाकू देत नसत, हे आपणही नाकारणार नाही.

लाल_माती
१३ जून, रात्री १०.४८

नाकारत नाही. माझ्या सख्ख्या बहिणीला तालमीच्या दारातून परत पाठवले होते आणि त्या वेळी मी आतून पाहत होतो. आता काळ बदलला आहे. स्त्रियांची कुस्ती २००४पासून ऑलिंपिकमध्ये आहे आणि साक्षी मलिक यांनी २०१६ साली रिओमध्ये पदक मिळवले. परंतु प्रौढ नवशिक्या स्त्रियांसाठी आखाडा मला आपल्या परिसरात तरी माहीत नाही. त्यामुळे माझा सल्ला मागे घेतो, खाशाबा मात्र मागे घेत नाही.

उपवनचा_फेरा
१३ जून, रात्री ११.०२

खुराकाचा विषय निघण्याआधीच सांगतो की सरावानंतर मामलेदारची मिसळ हा खुराक मानला जात नाही. हे मला वजनकाट्याने तीन महिन्यांनी कळवले.

सांधेजोड
१४ जून, दुपारी ३.१०

मी ठाण्यात फिजिओथेरपीचा व्यवसाय करते. धाग्यावर प्रत्यक्ष तपासणी होऊ शकत नाही, हे गृहीत धरून वाचावे.

जिना उतरताना गुडघ्याच्या वाटीमागे दुखणे ही बैठे काम करणाऱ्यांमध्ये नेहमी आढळणारी तक्रार आहे, आणि अनेकदा तिच्या मुळाशी मांडीच्या पुढच्या व खुब्याच्या स्नायूंची अशक्तता असते. असे गुडघे विश्रांतीने नव्हे, तर बेताबेताने वाढवलेल्या व्यायामाने सुधारतात. परंतु गुडघा मध्येच अडकत असेल, चालताना अचानक दगा देत असेल किंवा सुजत असेल, तर आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि तोपर्यंत गादीवर पाऊल ठेवू नये. रक्तदाब मोजून घ्यावा. पूर्वी कुठे हाड मोडले असल्यास तेही सरांना सांगावे. खाडीकाठ, तसे काही घडले आहे का? रजोनिवृत्तीनंतर हाडांची झीज वेगाने होते, त्यामुळे चाळिशीतच भार पेलणारा व्यायाम सुरू करणे हिताचे असते. फक्त सुरुवात कुठून करायची हे हाडांची आजची अवस्था पाहून ठरवावे.

एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट, जिच्यासाठी माझ्याकडे दर पावसाळ्यात रुग्ण येतात आणि मी त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवते. दमट गाद्यांवर नायटा झपाट्याने पसरतो. गाद्या रोज पुसल्या जातात का, लोक चपला घालून त्यांच्यावर फिरतात का आणि अंगावर चट्टा असलेल्याला घरी पाठवले जाते का, हे बाकावर बसूनच पाहता येईल. ती सोय आपल्याला दोन वर्षांपासून आहेच.

तिसरा_पट्टा
१४ जून, रात्री ८.४०

करून सोडलेल्यांचा अनुभव मागितला आहे म्हणून लिहितो. मी ३८व्या वर्षी घोडबंदर रस्त्यावरील एका मोठ्या संकुलातल्या वर्गात नाव घातले. वर्षाचे शुल्क एकरकमी घेतले गेले. दर तीन महिन्यांनी परीक्षा, परीक्षेचे पैसे निराळे, पट्ट्याचे निराळे आणि प्रमाणपत्राचे त्याहून निराळे. आठ महिन्यांत मी तीन पट्टे मिळवले आणि एकदाही कुणी मला खरोखर धरले नाही किंवा ढकलले नाही. तिसऱ्या परीक्षेच्या दिवशी माझी चूक झाली. मला ती कळली, परीक्षकांनाही कळली, तरी टाळ्या वाजल्या आणि हिरवा पट्टा कमरेला आला. घरी येऊन मी तो माळ्यावर ठेवला आणि परत गेलो नाही. उरलेल्या चार महिन्यांचे पैसे परत मिळाले नाहीत, हे सांगायला नकोच.

घंटाळीचा_शिष्य
१४ जून, रात्री ९.३५

मी स्वतः संध्याकाळी मुलांना कराटे शिकवतो, त्यामुळे तिसरा_पट्टा यांचा प्रतिसाद झोंबला, आणि तो झोंबायलाच हवा होता. असे वर्ग आहेत. तरीही शिकवणाऱ्याच्या बाजूने दोन शब्द लिहितो. सभागृहाचे भाडे दरवर्षी वाढते, परीक्षेच्या दिवसात मुले दोन-दोन महिने येत नाहीत, आणि मुलाला पट्टा मिळाला नाही तर वर्ग बदलणारे पालक मी मोजून थकलो आहे. एका वर्षी मी सात मुलांना अनुत्तीर्ण केले, पुढच्या महिन्यात त्यांतील पाच जण समोरच्या वर्गात दिसले.

पट्ट्यांविषयी एक गोष्ट लक्षात घ्यावी. कराटे ओकिनावातून आले असले तरी काळा पट्टा कराटेने ज्युदोकडून घेतला आहे. कानो यांनी १८८०च्या दशकात श्रेणी पद्धत सुरू केली तेव्हा काळा रंग हा 'पाया पक्का झाला, आता खरे शिक्षण सुरू' एवढ्याच अर्थाचा होता. मधले पिवळे-हिरवे टप्पे पुढे आले, आणि लहान मुलांना धरून ठेवायला ते उपयोगी पडतात. प्रौढांनी त्यांचा फार विचार करू नये.

कुणाचीही वर्षाची फी एकरकमी भरू नये, हे मात्र मीही सांगेन. महिन्याची फी घेण्यास जो नकार देतो त्याला आपण तीन महिन्यांत सोडून जाणार हे आधीच ठाऊक असते.

पुस्तकातला_वाघ
१५ जून, सकाळी ११.१५

गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ साली कराटे ओकिनावाहून तोक्योला नेले तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडलेली होती. तेव्हा ४३ म्हणजे काहीच नव्हे.

पडका_खेळाडू
१५ जून, सकाळी ११.५०

वाघसाहेब, फुनाकोशी पन्नाशीत तोक्योला गेले ते शिकवायला, आणि त्यामागे बालपणापासूनचा सराव होता. त्यांचे उदाहरण नवशिक्याला देणे म्हणजे पन्नाशीत पहिल्यांदा तंबोरा हाती घेणाऱ्याला मुरलेल्या गवयाची मैफल ऐकवून धीर देण्यासारखे आहे. माणूस आणखीच खचतो. आम्हाला साधी उदाहरणे द्यावीत. माझ्या वर्गात ४७ वर्षांचे एक बँक अधिकारी आहेत. तीन वर्षांत त्यांना एकच फेक नीट येते आणि ती आम्हा कुणालाही अडवता येत नाही.

कोर्टनाका
१५ जून, सायंकाळी ६.२०

शून्यप्रहर यांनी स्वसंरक्षणाचा विषय काढला, त्यात कायद्याची भर घालतो. १ जुलै २०२४पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत खासगी संरक्षणाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. स्वतःच्या तसेच दुसऱ्याच्या शरीराचे रक्षण करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. परंतु कलम ३७ सांगते की संरक्षणासाठी आवश्यक आहे त्याहून अधिक इजा करण्यापर्यंत तो हक्क पोहोचत नाही. हल्लेखोर पळू लागल्यावर त्याच्या मागे धावून त्याचा हात मोडला तर आपण तक्रारदाराच्या बाकावरून दुसऱ्या बाकावर जाऊन बसतो. सैल पकडून ठेवणे, सोडवून घेणे आणि निघून जाणे यांना वकिलाची गरज सहसा पडत नाही. त्या दृष्टीने ठोसा शिकण्याआधी पकड सोडवायला शिकणे मला शहाणपणाचे वाटते, मग त्या विद्येचे नाव काहीही असो.

सानपाड्याची_सकाळ
१५ जून, रात्री ९.१०

इतके सारे पुरुष इतके सारे सांगत आहेत, पण खाडीकाठ यांना पहिल्या दिवशी ज्या गोष्टींना तोंड द्यावे लागेल त्या कुणीच लिहिल्या नाहीत. मी ३९व्या वर्षी सुरुवात केली, आता ४२ची आहे.

गादीवर कोणताही दागिना चालत नाही. मंगळसूत्र काढून पर्समध्ये ठेवले, बांगड्या काढल्या, पण जोडवी पंधरा वर्षांत काढलेली नव्हती आणि ती निघेनात. मोरीत बसून साबण लावून एक काढले, दुसऱ्यासाठी जावेला खोबरेल तेल घेऊन यावे लागले. बोटांवर त्या जागी पांढरे वळ उठलेले होते. सासूबाईंनी मोकळा गळा पाहिला आणि काही बोलल्या नाहीत, मात्र मी परत येईपर्यंत जेवायला थांबल्या. नखे मुळापर्यंत कापावी लागतात. स्त्रिया जाकिटाच्या आत टी-शर्ट घालतात, तो जरा लांबच घ्यावा, म्हणजे लोळताना वर सरकत नाही.

पुरुष जोडीदाराचा संकोच दोन्ही बाजूंनी असतो आणि तो सुमारे तीन आठवडे टिकतो. पहिल्या आठवड्यात माझ्यासमोरचा मुलगा माझी बाही चिमटीत धरत होता, जणू लोणच्याच्या बरणीचा दादरा उष्टा होईल. मी त्याला सांगितले की नीट धर, नाहीतर मला सुटायचे कसे ते कळणार नाही. त्यानंतर सर्व सुरळीत झाले. मात्र ज्याच्या धरण्यात आपल्याला काही खटकेल त्याच्यासोबत सराव करायला आपण कारण न देता नकार देऊ शकतो का, आणि नकार दिल्यावर सर काय करतात, हे त्या तिघींना विचारावे. सरांना विचारू नये. सर "हो" च म्हणतील.

पाळीच्या दिवसात जावे की नाही हे आपल्या अंगाला विचारावे. मी पहिला दिवस सोडते. पांढऱ्या सुरवारीची भीती मलाही होती. आत गडद रंगाची आखूड चड्डी घातली की ती संपते.

खाडीकाठ
१५ जून, रात्री १०.४०

सानपाड्याची_सकाळ, आपले आभार कसे मानावेत ते कळत नाही. जोडव्यांचा विचार माझ्या स्वप्नातही आला नव्हता. उद्या साबण घेऊन बसते.

शून्यप्रहर
१६ जून, सकाळी ७.१०

मी अजूनही पाम बीचच्या बाजूने आहे. फक्त पडका_खेळाडू यांचा पडण्याविषयीचा भाग वेगळा काढून वाचला, कारण माझे वडील मागच्या वर्षी न्हाणीघरात पडले. ते स्वसंरक्षण आहे असे मी आधी मानत नव्हतो. त्यापुरता आक्षेप मागे घेतो.

खाडीकाठ
२१ जून, रात्री ११.०५

उशिरा लिहिते आहे, कारण दोन दिवस मान वळत नव्हती.

सांधेजोड यांनी जुन्या मोडतोडीविषयी विचारले होते आणि मी त्यावर गप्प राहिले. मागच्या पावसाळ्यात घणसोली स्थानकाच्या ओल्या पायऱ्यांवर माझा पाय सरकला, उजवा हात मागे टेकला आणि मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर होते. मार्च संपताना जो माणूस हिशेब डाव्या हाताने टंकतो त्याची जी अवस्था होते ती माझी ऑगस्टमध्ये झाली. हे मी पहिल्या प्रश्नात लिहिले नाही, कारण मलाच त्या दोन गोष्टींचा संबंध दिसला नव्हता. पडका_खेळाडू यांचे "हात मागे टेकवून पडणे थांबवायचे नाही" हे वाक्य मी लोकलमध्ये वाचले, आणि उतरायचे होते ऐरोलीला ते पुढे रबाळ्याला जाऊन उतरले.

अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवून आले. मनगट भरून आले आहे. गुडघ्यासाठी त्यांनी मांडीचे व्यायाम दिले असून सध्या उकिडवे बसण्याचा प्रकार टाळायला आणि तीन महिने झुंज न खेळायला सांगितले आहे. त्या तिघींपैकी दोघींशी बोलले. नकाराविषयीचे उत्तर समाधानकारक मिळाले. एका माणसाला त्यांनी येणे बंद करायला लावले होते.

परवा पहिला वर्ग झाला. सुरुवातीला सर्वांनी गुडघ्यांवर बसून वाकून नमस्कार केला. मला गुडघ्यामुळे मांडी घालून बसायची मुभा मिळाली. मग सरांनी मला कोपऱ्यातल्या गादीवर पाठीवर निजवले आणि नुसते हात आपटायला सांगितले. पहिल्या खेपेला आवाजच आला नाही. दहाव्या खेपेला जो आवाज आला त्याने बाकावरची मुलगी उठून उभी राहिली. नंतर बसून मागे लोळायचे होते. मी मोजले, एकूण २३ वेळा पडले. त्यांपैकी पाच वेळा उजवा हात आपोआप मागे गेला आणि प्रत्येक वेळी सरांनी लांबूनच "ताई, हात" एवढेच म्हटले. पट्ट्याच्या गाठीकडे पाहा असे सांगत होते, पण माझ्याकडे पट्टाच नव्हता. मी पंजाबी ड्रेसच्या नाडीकडे पाहत होते.

दुसऱ्या दिवशी हातपाय ठणठणीत होते आणि मान मात्र लाकडासारखी झाली होती. यजमानांना त्यांच्या प्रश्नाचे उत्तर दिले की मी पडायला शिकण्यासाठी जाते आहे. ते म्हणाले, "त्यासाठी महिना बाराशे रुपये?"

पडका_खेळाडू
२१ जून, रात्री ११.२०

मान दुखली याचा अर्थ हनुवटी आत होती. पहिल्या दिवशी डोके दुखले असते तर मला काळजी वाटली असती. २३ पैकी १८ वेळा हात मागे न जाणे ही मनगट मोडलेल्या माणसासाठी मोठीच गोष्ट आहे.

सांधेजोड
२२ जून, सकाळी ८.३०

सांगितलेत हे बरे केलेत. सरांनाही मनगटाविषयी सांगितले असेलच. मानेला सकाळी कोमट पाण्याचा शेक द्यावा आणि तिला झटका देऊन कुणाकडूनही मोडून घेऊ नये.

खाडीकाठ
२२ जून, सकाळी ९.०५

सरांना आधीच सांगितले होते. फी एका महिन्याचीच भरली, घंटाळीचा_शिष्य यांच्या सांगण्याप्रमाणे. आता एकच शंका आहे. सर म्हणतात की पहिले काही दिवस साध्या कपड्यांवर चालेल, पण पकड शिकायची तर ज्युदोचे जाकीट लागेलच. या पावसात ते वाळते का?

सानपाड्याची_सकाळ
२२ जून, सकाळी ९.४०

वाळत नाही. जाड विणीचे सुती कापड आहे, मशीनमध्ये पिळून काढले तरी जुलैत पंख्याखाली दोन दिवस घेते आणि काखेत तरीही ओलसर राहते. गरम पाण्यात धुऊ नका, बाह्या आखडतात. नवे घेताना एक माप मोठे घ्यावे. दोन घेतलीत तर पावसाळा निभेल.

खाडीकाठ
२२ जून, सकाळी ९.५२

सध्या एकच घेते. जुलै पार पडला तर दुसरे.